पवार सर हाजरी पुकारत नसत

पवार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघालोच होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. मी त्याला म्हटलं, 'अरे, काल तर वर्गात बसून गेले ते.' जणू तेवढ्यानं बातमी खोटी ठरणार होती! दीड महिना झाला, अजून सकाळी चौथीच्या दाराजवळच्या खुर्चीकडे नजर जातेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी रोज येऊन त्या खुर्चीवर बसायचे, कच्च्या पोरांकडून वाचून घ्यायचे.

ढाणकीजवळच्या या शाळेचा मी मुख्याध्यापक. घरचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळा खिळ्याच्या डब्यात, बोल्ट बोल्टच्या, असा माझा स्वभाव. आणि पवार सर तर हाजरीच पुकारायचे नाहीत. वर्गात येऊन सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायची, 'आज कोण नाही?' एवढंच विचारायचं, आणि हजेरीपट मुकाट्यानं भरायचा. जे पोर आलं नसेल त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत हे हजर. माझं डोकं फिरायचं. नाव पुकारलं नाही, पोरगं 'हजर सर' म्हणालं नाही, तर शिस्त कसली? दोन-तीनदा तोंडी सांगितलं, मग एक दिवस सरळ मेमो दिला... उद्यापासून हाजरी मोठ्यानं घ्यावी.

मेमो वाचून ते माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच वडिलांबद्दल बोलले. सर पारधी समाजाचे. इंग्रजांच्या कायद्यानं अख्खी जमात जन्मतःच चोर ठरवलेली. त्यांच्या वडिलांना रोज संध्याकाळी पोलीस पाटलाच्या ओसरीसमोर उकिडवं बसावं लागे; नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं. शेजारच्या गावी जायचं तरी चिठ्ठी लागे. एका संध्याकाळी बायको बाळंतपणात अडली म्हणून ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना बेड्या घालून नेलं. मूल वाचलं नाही, हे त्यांना महिन्यानं सुटून आल्यावर कळलं. पुढं इंग्रज गेले, कायदा गेला. पण गावात कोणाची कोंबडी हरवली तरी पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच यायची. आणि कुणी मोठ्यानं नाव घेतलं की वडील म्हातारपणीही जेवत्या ताटावरून उठून उभे राहायचे.

सर शांतपणे म्हणाले, "मोठे सर, जो हजर हाय त्याले काहून पुकारायचं? जो नाही आला त्याच्या घरी जा लागते. माह्या बापाच्या घरी त्या दिवशी कोणी इचारायले आलं नाही. धरायले आले."

मी तिथंच तो मेमो फाडायला हवा होता. पण मी म्हणालो, 'तुमचं खरं आहे सर, पण नियम तो नियम.' तौबा, काय लाकडासारखा माणूस मी! त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच, 'आज कोण नाही?' मी तो विषय पुन्हा काढला नाही, पण मेमोही मागं घेतला नाही. पुढं इतकी वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो, हसलो, भांडलो. त्या कागदाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. एकदा तुरीच्या हंगामात बेड्यावरची एक पोरगी यायची बंद झाली. सर आठ दिवस रोज शेतात जाऊन, बांधावर बसून तिला शिकवत राहिले. शेवटी बापच कंटाळला आणि तिला शाळेत सोडून गेला. आज ती पुसदला नर्स आहे. सरांच्या अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी तीच पोचली होती.

त्यानंतर शाळा भरली तेव्हा चौथीचा वर्ग मीच घेतला. हजेरीपट उघडला, पहिलं नाव ओठांवर आलं... आणि पुकारवेना. पोरांकडे बघत विचारलं, 'आज कोण नाही?' पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी दाराजवळच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, 'पवार सर.'

शाळा सुटल्यावर ऑफिसात बसून एका कागदावर लिहिलं की तो मेमो मी मागं घेत आहे. खाली सही केली, शाळेचा शिक्काही मारला. कागद घेऊन दिवस मावळायच्या आत बेड्यावर गेलो. सरांच्या पत्नी अंगणात बसल्या होत्या. मला पाहून पदर सावरत उठल्या. म्हणाल्या, "काहून आले सर?"

मी म्हटलं, "वहिनी, सर आज वर्गात दिसले नाहीत. म्हणून आलो."