न्हाणीतली नळी

शेवगावहून भाच्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला. दाजी गेले, छातीत कळ आली आणि गेले. मी 'बरं' म्हणालो. बरं! थोरल्या बहिणीचा नवरा गेल्यावर म्हणायचा हा शब्द आहे का? पण दुसरं काही तोंडातून आलंच नाही. सावेडीतून निघालो, एसटीत बसलो, तरी आत काही हललं नाही... अजूनही फारसं हलत नाही.

दाजींचा बंदुका दुरुस्तीचा परवाना होता, घरामागंच छोटा कारखाना. आमच्या वडिलांची, तात्यांची, ठासणीची बंदूक माझ्या नावावर झाली तेव्हा तिचा लाकडी दस्ता तडकलेला होता. दसऱ्याला पूजेत मांडायची तर चकचकीत हवी, हा माझा हट्ट. दाजींनी अक्रोड, शिसव, बाभूळ अशा तीन फळ्या पुढं ठेवल्या. "डोळं मीट अन् गाल लाव." मी अक्रोड म्हणालो, रेषा सुंदर होत्या. "मिटल्या डोळ्यांनी रेषा दिसत्यात व्हय तुला?" म्हणाले आणि शिसव उचलली. नळी लांब, जड. मागं तेवढंच वजन हवं. नळीवरून तर भांडणच झालं. मला ती काळी, आरशासारखी हवी होती. "तात्यांची बंदूक हाय ती, वरातीतली घोडी न्हाई. तपकिरीच ऱ्हानार." तपकिरी करायची म्हणजे मिठाचं पाणी लावून मुद्दाम गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. त्याला ओल लागते, म्हणून नळी न्हाणीत टांगलेली, बंबाच्या वाफेवर. आंघोळीला कुणीही शिरलं की बाहेरून दाजी ओरडायचे, "नळी हाय, डोकं जपा!" काळजी डोक्याची की नळीची, देव जाणे.

सुतक फिटल्यावर घर धुवायला काढलं. पारनेरहून आलेल्या मावशींनी नळी उतरवली. "शी बाई, किती गंजलीय ही!" म्हणत राख आणि काथ्या घेऊन बसल्या. ताई इतके दिवस भिंतीला टेकून होती. ती उठली. "मावशी, ऱ्हाऊ दे. त्यांनी चढवलाय तो गंज." नळी एका बाजूनं पांढरी पडली होती. ताईनं ती तशीच परत टांगली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली.

दसरा होऊन गेला. दाजींनी केलेला दस्ता तयार आहे. नळी दुसऱ्या कारागिराकडे देऊ, काळीच करून घेऊ, हे सांगायला परवा गेलो. ताई म्हणाली, "आधी आंघोळ करून घे." न्हाणीत शिरलो. पांढरी बाजू पुन्हा तपकिरी झाली होती, आणि कोनाड्यात मिठाच्या पाण्याची वाटी, त्यात ओला बोळा... तेवढ्यात बाहेरून ताईचा आवाज आला, "नळी हाय, डोकं जप!"

"बरं," म्हणालो आणि मान वाकवली. कारागिराचं काढलंच नाही.