निलेशचा बारा मिनिटांचा तारा

हसू नका, पण एक्स-रेमधून तारे बघणाऱ्यांकडे जितके किस्से साठतात तितके फोटॉन साठत नाहीत! उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात केमिस्ट्री लॅबला लागून एक खोली आहे. तिथे आम्ही तिघं: गाईड कारखानीस मॅडम, त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी निलेश, आणि फिजिक्स शिकवून उरलेल्या वेळात लुडबुड करणारी मी. काम एकच. म्हाताऱ्या तारकागुच्छांमध्ये एकमेकांना छळणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या शोधायच्या. निलेशला घाई होती. मॅडम मार्चअखेर रिटायर होणार होत्या आणि त्याआधी थिसिस झाला नाही तर नवा गाईड, नवा विषय, पुन्हा श्रीगणेशा!

*

निलेश जांभूळ गावचा, घरी भातशेती. पोरगा इतकी वर्षं नक्की काय करतो हे आईला कळेना, म्हणून मॅडम स्वतः घरी गेल्या.

"जुना तारकागुच्छ म्हणजे रिटायर्ड लोकांची सोसायटी समजा," मॅडम म्हणाल्या. "एकटा तारा म्हातारपणी मंदावतो, गप्प होतो. पण जोडीदार अगदी चिकटून असेल तर दोघं एकमेकांना गरागरा फिरवत ठेवतात, एकमेकांचं ओरबाडतात. त्यातून एक्स-रे निघतात."

आईने तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे एकटा हाय तो गप, नि जोडीनं हाय तो तापलेला. मंग ते बघाया आभालात कशाला जाता?"

मॅडमचे मिस्टर अंगणात स्कूटरपाशी थांबले होते. ते इतके मोठ्याने हसले की मॅडम अंबरनाथपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत!

*

एक्स-रे हवेतून खाली पोचत नाहीत. अंतराळातली दुर्बीण ते टिपते आणि आम्हाला डेटा मिळतो. एकदा एका ताऱ्याचे दिवसभरात नऊ फोटॉन, म्हणजे एक्स-रेचे नऊ कण, मिळाले आणि निलेश आनंदाने स्टाफरूममध्ये सांगत सुटला. तिथे कॉमर्सचे हरेश सर बसलेले. घरचं कपड्यांचं दुकान.

"पूरा दिन दुकान खुला और नौ कस्टमर?"

"सर, त्यातले दोन बॅकग्राउंडचे असतील, ताऱ्याचे नाहीतच."

"मतलब दो तो सिर्फ पता पूछने आए थे!"

*

शिरगावला निलेश मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तारे म्हणजे नाइट ड्युटी असेल?"

"नाही काका, दिवसा कॉम्प्युटरवर. जुना डेटा असतो."

"म्हणजे दुसऱ्यांनी आधीच बघितलेले तारे?"

इथे कुणीही थोडी थाप मारली असती. निलेश म्हणाला, "हो, बऱ्याच जणांनी. त्यांना काही सापडलं नाही, म्हणून मी परत बघतोय."

त्या घरून पुन्हा फोन आला नाही.

*

आणि मग सापडलं! एका ताऱ्याचे एक्स-रे दर बारा मिनिटांनी कमीजास्त होत होते. इतक्या कमी वेळात एकमेकांभोवती फिरणारी जोडी म्हणजे लॉटरीच. थिसिसला हवा होता तो चॅप्टर मिळाला. हेड झाल्यावर नुसती बिस्किटं आणणाऱ्या मॅडमनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

महिन्याभराने निलेशला शेजारच्या ताऱ्यातही तीच बारा मिनिटं दिसली. मग तिसऱ्यातही! तिन्ही तारे दुर्बिणीच्या डिटेक्टरच्या कडेला. एकाच ठिकाणी भार पडू नये म्हणून ती दुर्बीण मुद्दाम हळूहळू डुलवत ठेवतात. बारा मिनिटांच्या प्रत्येक झोक्यात कडेचे तारे बाहेर जात होते आणि परत आत येत होते. तारा जागच्या जागी होता, डुलत होतो आम्ही.

आमच्या धंद्यात नवशिकेसुद्धा ही गोष्ट आधी तपासतात. मला स्वतःची लाज वाटली, कारण 'परफेक्ट!' म्हणून पेढा खाणारी पहिली मीच होते. निलेशने मात्र त्याच दिवशी मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "मी बघायला हवं होतं. तो चॅप्टर थिसिसमधून काढ." मग स्टाफरूममध्ये जाऊन प्रत्येकाला सांगून आल्या.

"मॅडम, पेड़ा तो सही था," हरेश सर म्हणाले, "तारा ही गलत निकला!"

*

उरलेल्या जोड्यांवर कसाबसा थिसिस गेला. व्हायवा मॅडमच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. मागच्या रांगेत निलेशची आई, तिच्याशेजारी मी.

निलेशने पहिलीच स्लाईड लावली: 'माझी चूक'. बारा मिनिटांची सगळी कहाणी सांगून टाकली.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे थिसिसमध्ये नाही. सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं."

"हो सर, तुम्हाला नसतं कळलं," निलेश म्हणाला. "पण मॅडमना माहीत आहे, आणि त्या आता रिटायर होतायत. घरी बसून सगळं पुन्हा तपासतील."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक हसता हसता म्हणाले, "झालं, मला आणखी काही विचारायचं नाही. कुठे सही करू?"

"सही नंतर," मॅडम म्हणाल्या. "अजून एकवीस स्लाईड्स आहेत."