भाऊंच्या कुत्र्याचं माप

राणीने चुन्याची रेघ ओलांडली, लोकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि बोर्डावरचे आकडे पळतच राहिले. घड्याळ थांबलंच नाही.

पांढरकवड्याजवळच्या एका पडीक वावरात कुत्र्यांच्या पळण्याची स्पर्धा होती. एकेक कुत्रं पळणार, ज्याचा टाइम कमी त्याचा नंबर. आयोजक नानाभाऊ माइकवर बोलून मोकळे झाले, "टाइम नाही. कुत्रं बाद!"

राणीची मालकीण कमलाबाई शेळ्या राखते. राणी त्या शेळ्यांमागे फिरणारी बुटकी गावठी कुत्री. बाई तणतणत आली. "बाद कशी? थे आली हे सगळ्यायनं पाह्यलं ना!"

मी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत सेन्सर सांभाळतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्यांचं टायमिंगही करतो, म्हणून भाऊंनी मला बोलावलं होतं. बीम सेन्सर म्हणजे दोन डब्या. एक न दिसणारा उजेड फेकते, समोरची तो पकडते. मध्ये कोणी आलं की उजेड तुटतो आणि घड्याळ थांबतं.

निवडताना मी भलतं डोकं लावलं होतं. फॅक्टरीतला सेन्सर उघड्या उन्हात आंधळा होतो. रिफ्लेक्टरवाला स्वस्त पडतो, वायरही एकाच बाजूला. पण त्यात उजेड समोरच्या चकतीवर आपटून परत यावा लागतो, आणि चकतीवर धूळ बसली की कारभार आटोपला. म्हणून आउटडोअरची समोरासमोरची जोडी घेतली. पकडणाऱ्या डबीची पाठ मावळतीकडे केली, म्हणजे दुपारचं ऊन तिच्या तोंडावर येणार नाही. ऊन, धूळ, सगळ्याचा बंदोबस्त. स्वतःवरच खूश होतो.

मग चुकलं कुठे? खाली बसून बीमची उंची पाहिली, तेव्हा कळलं. बैलांच्या उंचीवरून बीम मी खाली आणला होता खरा. पण सकाळी चाचणीला पळवला होता भाऊंचा शेऱ्या. उंच, लांब टांगांचा. त्याच्या छातीला बीम लावला आणि चहा प्यायला गेलो. आधीची सगळी कुत्री उंचच निघाली. राणी मात्र मान खाली घालून बीमच्या खालून गेली.

"भाऊ, चूक माझी आहे. तिला परत पळवा."

"जाऊ द्या ना साहेब. एका कुत्र्यासाठी कायले खोळंबा करता?"

"मग मी घड्याळ उचलून नेतो."

राणी परत पळणार, असं भाऊंनी माइकवरून सांगितलं. कमलाबाई माझ्याकडे वळली. "साहेब, माप भाऊच्या कुत्र्याचं घेतलं. मंग आमच्या कुत्र्यायले काहून बोलावलं?"

माझ्याजवळची सेन्सरची दुसरी जोडी वीतभर उंचीवर लावली. खालचं गवत बीम तोडेल म्हणून बाईनेच विळ्याने कापून दिलं. आता दोन्हींतला कोणताही बीम तुटला की घड्याळ थांबणार.

राणी सगळ्यांत शेवटी पुन्हा पळाली. घड्याळ बरोबर थांबलं. तिचा दुसरा नंबर आला, शेऱ्याच्या अगदी किंचित मागे. लोक म्हणाले, पहिल्यांदा ती जास्त जोरात आली होती. मलाही तसंच वाटतं. पण त्या धावेचा टाइम कोणाकडेच नाही. तो मी घालवला. बाईने पदराने राणीचं तोंड पुसलं आणि निघून गेली. मला फार लाज वाटली.

आताही बोलावणी येतात. मैदानावर पोचल्यावर मी लगेच सेन्सरची पेटी उघडत नाही. आधी विचारतो, "सगळ्यांत बुटकं कुत्रं कोणाचं? ते आणा."