कुलूप माझं, ओटीपी आईकडे

भारतातला माझा मोबाइल नंबर आईकडे असतो. दुबईला आले तेव्हा ते सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून तिच्या हातात दिलं. बँकेचे ओटीपी त्यावर येतात आणि ती मला फोनवर वाचून सांगते. इथल्या कितीतरी मराठी घरांची हीच व्यवस्था आहे.

त्या शुक्रवारी दुपारी ऑफिसातून डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी पोचते न पोचते तोच ईमेल आला. माझ्या पॅन कार्डावर भारतात कुणीतरी कर्जाचा अर्ज केला होता. मी तर केला नव्हता! चपलाही न काढता लॅपटॉप उघडला. आपला क्रेडिट रिपोर्ट लॉक करता येतो, हे ऐकून होते. एकदा कुलूप लागलं की कर्ज देणाऱ्यांना तो दिसत नाही, मग आपल्या नावावर सहसा कुणी कर्ज देत नाही. सगळी माहिती भरली, बटण दाबलं आणि ओटीपी गेला रत्नागिरीला.

आईचा फोन बिझी. परत लावला, परत बिझी. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. एव्हाना कर्ज मंजूर झालं असेल का? त्याने पैसे उचललेही असतील का?

"मॉम, प्लीज सिट डाउन," लेक सोफ्यावरून म्हणाली. तिला काय जातंय बोलायला!

एकदाचा फोन लागला.

"आई, ओटीपी आलाय बघ. पटकन सांग, टाइम संपतोय."

"नाही सांगणार."

"अगं, मी बोलतेय!"

"काल पण एक जण बोलला. तुझ्या बँकेतला म्हणे. गोड बोलला, मी आकडे दिले. मग शेजारच्या वहिनी ओरडल्या. म्हणाल्या, हल्ली आवाजसुद्धा नकली करतात, लेकीने मागितले तरी द्यायचे नाहीत."

म्हणजे गळती इथेच होती. असा संताप आला! पण ओरडले असते तर तिने फोनच ठेवला असता. राग गिळला.

"बरं, मग मला काहीतरी विचार. घरच्याच माणसाला माहीत असेल असं."

तिने लगेच विचारलं, "माझा कुठला गुडघा दुखतो?"

गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. दर फोनवर ती सांगते आणि मी "हं, हं" करत ईमेल वाचते. कुठला, ते काही आठवेना. लाजेने कान तापले.

"डावा," मी ठोकून दिलं.

"उजवा."

खलास. आता ही कसली आकडे देतेय, म्हणून मी खुर्चीत बसले.

"घे लिहून," आई म्हणाली. "तूच आहेस. तो असता तर बरोबर सांगितलं असतं. कुठला गुडघा ते काल दोनदा विचारलं त्याने."