बसल्या जागेचा पैसा

आमचे थोरले साडू बसत फार. माणसं बसतात तसं नव्हे. रस्त्यानं दोघं चाललोय, गप्पा रंगात आल्यात, आणि वळून बघावं तर अप्पा शेजारी नाहीत; मागं कुठल्यातरी लिंबाखाली टेकलेले. देवळात गेले की दर्शनाआधी पायरीवर बसायचे, लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी चपलांच्या ढिगापाशी बसायचे. बसले की खिशातून पितळी चुनाळं निघे, तळहातावर तंबाखू येई, आणि मग समोरच्याला, "बसा की. कुठं आग लागलीय?" सेलूला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर मी काउंटरला उभा. त्यामुळं या माणसाचं बसणं मला पहिल्या दिवसापासून खुपलं.

साडू हे नातंच वाईट. भाऊ असता तर भांडून मोकळा झालो असतो, मित्र असता तर तोडला असता. पण एकाच घरचे दोन जावई म्हणजे एकाच तराजूची दोन पारडी, आणि माझं कायम वर. अप्पांचं जिंतूरला भुसाराचं दुकान, तेही त्यांच्यासारखंच निवांत. तरी सासूबाईंच्या तोंडी सदा थोरले जावई. कुणी माझी चौकशी केलीच तर म्हणायच्या, "धाकटे बी चांगलेच हायत." हा 'बी' मी लग्नापासून ऐकत आलोय. दगडाच्या खड्यासारखा भाकरीतून दाताखाली येतो.

म्हणून मी मशीन घेतली. जमिनीतला धातू शोधणारी, लांब दांड्याची, खाली ताटलीएवढी चकती असलेली. मोबाइलवर परदेशातली माणसं रानावनात ती फिरवून जुनी नाणी काढताना बघितली होती. आमच्या सासुरवाडीच्या शेतामागं डोंगर आहे, आणि त्याच्या झाडीतून एक जुनी वाट महादेवाच्या देवळाकडं जाते. सडक होण्याआधी त्या वाटेनं बाजारकरी बैल घेऊन जायचे. म्हटलं, इथं नक्की काहीतरी पडलेलं असणार. बायको म्हणाली, "घरातल्या कपाटाची किल्ली सापडंना झालीय, ती शोधा आधी."

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतावर जमतो. आंबील, भज्जी, बाजरीची भाकरी झाली की पुरुष माणसं कडब्याच्या कोपीत लवंडतात. त्या वर्षी मी लवंडलो नाही. मशीन खांद्यावर टाकून वाटेला लागलो आणि अप्पा, कुणी बोलावलं नसताना, मागोमाग आले. मी कानाला हेडफोन लावून झपाझप चाललो. मिळालं काय, तर गुटख्याच्या चमकत्या पुड्या, बाटल्यांची बुचं आणि बैलाच्या नालाचा एक तुकडा. चढ संपतो तिथं मोहाचं मोठं झाड आहे. अप्पा त्याखाली बसले होते.

"साडूभाऊ, तुमी नुसते पळायलात," ते म्हणाले. "मी बसलोय तिथं फिरवा की जरा."

निव्वळ त्यांचं मन राखायला मी फिरवली. मशीन वाजली. अप्पा कण्हत बाजूला सरकले, मी खुरप्यानं माती उकरली, आणि निघाला तांब्याचा भोकाचा पैसा. थोडं पलीकडं उर्दू अक्षरांचं निजामाच्या वेळचं नाणं. मग आणखी एक. मी गुडघ्यांवर, घामानं निथळत; आणि अप्पा शेजारी बसून तंबाखू मळतायत.

"चालत्याचा पैसा पडत न्हाई, बसत्याचा पडतो," त्यांनी सांगितलं. "चढ चढून माणूस दमतंय. बसतंय, तंबाखूसाठी कनवट सोडतंय. तवाच घरंगळतो पैसा."

शेतावर परतलो तर अप्पांनी नाणी सासूबाईंच्या हातावर ठेवली. मशीन माझी, खुरपं माझं, घाम माझा. सासूबाई म्हणाल्या, "थोरल्याच्या हाताला गुण हाय."

त्यानंतर दर येळवसेला हेच. अप्पा कुठंतरी बसणार, मशीन वाजणार. एकदा त्यांना चांदीचं नाणं मिळालं, तेव्हा सगळी नाणी घेऊन ते स्वतः तहसीलला गेले. म्हणाले, जमिनीतलं ते सरकारचं. तिथं चांदीचं ठेवून घेतलं, तांब्याची परत दिली, आणि गावच्या पेपरात फोटो आला. फोटोत अप्पा बसलेले, हातात मशीन. माझी. नाव आलं नाही तर नाही, पण मशीन कुणाची एवढं तरी लिहावं की नाही? पोटात असं दुखलं की दोन घास गेले नाहीत. सासूबाईंनी तांब्याची नाणी चिंचेनं घासून देवघरात एका तबकात मांडली. आल्यागेल्याला दाखवायच्या. त्या तबकात माझं म्हणून एक, फक्त एक नाणं असावं, एवढीच इच्छा होती हो माझी. दुकानाची भरभराट नको, काही नको.

मग मीही बसायला लागलो. एकटाच सासुरवाडीला जायचं निमित्त काढून त्या वाटेवर जायचो. दगडावर बसलो, ओढ्याच्या काठी बसलो, एकदा लाल मुंग्यांच्या वारुळाशेजारी बसलो आणि ते बसणं आठवडाभर पुरलं. मिळालं एक बूच. अप्पांना कळलंच. हसले नाहीत, उलट गंभीरपणे म्हणाले, "तुमी दमून बसत न्हाईत, साडूभाऊ. हिशोबानं बसता." एखाद्यानं तोंडावर शिवी दिली असती तर परवडलं असतं.

शेवटच्या येळवसेला त्यांचं चुनाळं हरवलं. संध्याकाळी निघताना खिसे चाचपले, पिशवी झटकली. वाटेवर कुठंतरी पडलं असणार. माझ्या मनात आलं, आता सापडेल ते मला सापडेल. म्हणालो, "चला अप्पा, मशीन घेऊन जाऊ."

ते कोपीच्या दारात बसले होते, तिथून हललेसुद्धा नाहीत. "असू द्या. आपण लोकांचं पडलेलं उचलतो न्हवं? आपलं बी कुणाला तरी घावू द्या."

उन्हाळ्यात ते दुकानातच गेले. गादीवर बसल्या बसल्या. गिऱ्हाईकाला वाटलं, डुलकी लागली. आमच्यात माणसाला निजवत नाहीत, बसवून माती देतात. कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, मांडी घातलेली. अप्पांना बसवलं तेव्हा त्यांच्याकडं बघून कुणीही म्हणालं असतं की हा माणूस जन्मभर याचाच सराव करत होता. लोक तर इतके लोटले की मला मागं उभं राहावं लागलं. मी रडत होतो, आणि रडता रडता मनात हेही येत होतं की माझ्या वेळी एवढी माणसं येतील का. काय करू, आलं मनात.

यंदाच्या येळवसेला मशीन कोपीतच पडून होती. बायकोच म्हणाली, "जावा, ती मशीन घेऊन जरा फिरून या." वाटेला लागलो. शोधायचं काही नव्हतं. मागं पावलांचा आवाज नाही, मध्येच 'बसा की' नाही. चढ संपेपर्यंत पाय असे जड झाले की मोहाखाली मी बसलो नाही, बसकणच मारली. किती वेळ गेला कळलं नाही. मग मशीन खोडाला टेकवायला उचलली तर ती माझ्या मांडीशेजारीच वाजली.

पालापाचोळा सारला, बोटभर माती उकरली. चुनाळं होतं. पितळ काळं पडलेलं. झाकण कसंबसं उघडलं, तर आतला चुना सुकून दगड झालेला, आणि त्यावर अप्पांच्या बोटाचा खळगा तसाच.

शेतावर येऊन मी ते सगळ्यांसमोर धरलं. अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, बघताक्षणी ओळखलं. हात पुढं केला. "द्या इकडं. घरी नेते."

त्यांच्या नवऱ्याची वस्तू, त्यांचाच हक्क. पण माझी मूठ उघडेना. "न्हाई अक्का," मी म्हणालो. "आपलं पडलेलं दुसऱ्याला घावू द्या, असं तेच म्हणले होते. मला घावलंय. तबकात ठेवायचंय."

अप्पा गेल्यापासून अक्का पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. "ठेवा," म्हणाल्या. "मेल्यावर बी सोडणार न्हाईत तुमी त्यांना."

रात्री घरी सासूबाईंनी पदरानं ते पुसलं आणि देवघरातल्या तबकात नाण्यांच्या मधोमध ठेवलं. हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चला. धाकट्याला बी घावलं."