भिंत न पाडता घातलेल्या कमानी

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळात दर महिन्याला ज्येष्ठांचा कट्टा भरतो. चहा, उपमा आणि कुणाचं तरी भाषण. मागच्या वर्षी माझी पाळी आली, तेव्हा मी विषय कळवला: इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं जुनं चर्च कसं बांधलं गेलं.

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. निवृत्त डॉक्टर आहेत, माझ्याच वयाचे.

"वहिनी, चर्च कशाला? आपली देवळं काय कमी आहेत? हंपी घ्या. स्लाइड्स मी देतो."

"हंपीवर बोलणारे पुष्कळ आहेत. हे चर्च मी स्वतः नीट पाहिलंय, म्हणून त्यावर बोलणार."

"लोकांना आवडणार नाही."

"ज्यांना नाही आवडणार त्यांनी उपमा खाऊन घरी जावं," मी म्हटलं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. समुद्रात उभ्या राहणाऱ्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची गणितं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुरुवातीला मीटिंगमध्ये मी एकटीच बाई असायचे आणि येणारा प्रत्येक जण कॉफी कुठे आहे ते मलाच विचारायचा. मी म्हणायचे, "मलाही हवीय, सापडली की सांगा." तेव्हापासून मला कुणी विषय नेमून दिलेला खपत नाही.

नवरा गेल्यावर मी एकटीच इंग्लंडला गेले आणि एका खेड्यात खोली घेऊन राहिले. रोज सकाळी तिथल्या चर्चमध्ये बसून चित्रं काढायचे. आत शिरलं की डाव्या हाताचे खांब जाडजूड, गोल आणि वरच्या कमानीही अर्धगोल. उजवीकडचे खांब मात्र सडपातळ, आठ पैलूंचे, आणि कमानी टोकदार. दोन्ही बाजूंमध्ये दीडेकशे वर्षांचं अंतर. गावात माणसं वाढली, जागा पुरेना, तेव्हा गवंड्यांनी छपराचा भार तसाच ठेवून जुन्या भिंतीत एकेक कमान घातली आणि पलीकडे नवी ओवरी जोडली. पुढे एक भिंत बाहेर झुकायला लागली, तर तिला बाहेरून दगडी टेकू दिले. मनोऱ्याच्या भिंतीवर जुन्या, जास्त उताराच्या छपराची तिरकी खूण अजून दिसते. ती कुणी पुसली नाही. मला ते फार आवडलं. कॉम्प्युटर नसताना, डोक्यावर छप्पर असताना भिंत कापायची म्हणजे काय, हे मला कळत होतं.

कट्ट्याच्या आठवडाभर आधी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: भाषण कॅन्सल, त्याऐवजी भजन. मला आधी कुणी विचारलंही नव्हतं. तिकडे वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला असणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, जस्ट डू हंपी. व्हाय फाइट?"

"कारण भांडण मी काढलेलं नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन मीटिंग रूम बुक केली. भजन सकाळी होतं, मी त्याच दिवशी दुपारची वेळ घेतली आणि त्याच ग्रुपवर टाकलं: भाषण होणार. विषय तोच.

माणसं थोडी आली, पण आली. पहिल्या रांगेत अध्यक्षांची बायको बसली होती. मी खांब दाखवले, टेकू दाखवले, पुठ्ठ्याची भिंत कापून कमान कशी घातली ते करून दाखवलं. शेवटी मागून एका काकांनी विचारलं, "तुम्ही धर्म बदललाय का?"

"नाही. घरी गणपती बसतो, या दर्शनाला. पण भिंत कशी उभी राहते ते समजायला धर्म बदलावा लागत नाही."

मग अध्यक्षांच्या बायकोने विचारलं, "कमान घालताना वरचं वजन तेवढा वेळ कशावर तोललं होतं?"

त्या दुपारचा तो सगळ्यांत चांगला प्रश्न. मी फळ्यावर लाकडी आधाराचं चित्र काढलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी त्यावरच बोलत राहिलो. बाकीचेही थांबले.

अध्यक्ष अजून माझ्याशी तुटक बोलतात. बोलू देत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तीच रूम घेतली आहे. या वेळी त्याच चर्चच्या लाकडी छपरावर बोलणार आहे. ग्रुपवर कळवलंय, परवानगी मागितलेली नाही.