रानडुकरासाठी नागपूरचे वकील

माझा धाकटा भाऊ बबन तुरुंगात राहिला, त्याचं श्रेय सरकारला कमी आणि मला जास्त आहे.

बबनने धानाच्या बांधाला करंटची तार लावली होती. तिला चिकटून एक रानडुक्कर मेलं आणि जंगलखात्याने बबनला उचललं. (आमचं अर्धं धान खाल्लं म्हणून डुकराला कोणी उचललं नव्हतं.) घरात बाबा खाटेवर. डॉक्टरांनी "घरीच ठेवा" म्हटलं होतं. त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. बाबा मात्र एकच विचारत, "बबन कुठी हाय?"

आई म्हणाली, "राजुऱ्याच्या गेडाम वकिलाले सांग."

गेडाम वकील म्हणजे कोर्टासमोर, चहाटपरीला टेकलेलं एक टेबल आणि एक खुर्ची. अशिलाने उभं राहायचं! तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे महत्त्वाचा सल्ला थुंकून आल्यावर मिळे.

"आई, बाबाचा जीव अडकला त्याच्यात. असातसा वकील नाई चालत."

"डुक्करच मेलं ना बाप्पा? कलेक्टर तं नाई मेला?"

घरात अग्रलेख वाचणारा मी एकटाच, म्हणून माझं चाललं. आयुष्यभर मी बडेजावाला हसत आलो. पण नागपूरच्या एका वकिली कंपनीचं काचेचं दार माझ्यासाठी आपोआप उघडलं आणि मी विरघळलो. पाण्याच्या ग्लासाखाली बशी होती! "सर, आमची टीम हे मॅटर हाताळेल," टायवाले साहेब म्हणाले. आमच्या डुकराचं मॅटर झालेलं पाहून मला भरून आलं.

तारखेला राजुऱ्याच्या कोर्टात लांबलचक काळी गाडी आली. तिच्यातून तीन काळे कोट उतरले. आमच्या आधी शेजारगावच्या एकाची अशीच केस होती. तसंच डुक्कर, तशीच तार. गेडाम वकील दोन वाक्यं बोलले आणि मी चष्मा पुसेपर्यंत जामीन झाला.

मग आमची टीम उभी राहिली. राज्यघटनेपासून सुरुवात झाली. न्यायाधीशांनी आधी आमच्या वकिलांकडे, मग जाडजूड फायलीकडे आणि शेवटी बबनकडे नव्याच आदराने पाहिलं. "एका डुकरासाठी तिघं?"

पेंगत असलेले सरकारी वकील खडबडून उठले. "साहेब, प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. आम्हाला वेळ हवा."

पुढची तारीख पडली! बाहेर जंगलखात्याचा साहेब शिपायाला म्हणाला, "नागपूरहून वकील येऊन राह्यले म्हणजे मागे टोळी असन. घर पाहा याचं."

दुसऱ्या दिवशी झडती झाली. कातडी, नखं, काहीच सापडेना. तेव्हा चौघांनी बाबांची खाट बाबांसकट उचलून खाली पाहिलं. बाबांनी डोळे उघडले आणि आशेने विचारलं, "बबन सापडला काय?"

पुढच्या तारखेपर्यंत बाबा थांबले नाहीत. नागपूरला फोन लावला, तर टीम मीटिंगमध्ये होती. मी गेडाम वकिलांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

ते थुंकून आले. "जामीन आज नाई होत, भाऊ. तुमी डुकराचा वाघ करून ठेवला. मातीपुरता आणतो त्याले." उभ्याउभ्याच त्यांनी अर्ज लिहिला. बाबांचं नाव चुकवलं, खोडून पुन्हा लिहिलं. कोर्टाने दुपारपुरती परवानगी दिली.

बबन पोलिसांच्या गाडीतून आला. त्याने खांदा दिला. परत निघताना विचारलं, "बाबा काई म्हणे का?"

"तू कुठी हाय, तेच विचारत होते."

"मंग तू काय सांगे?"

"म्हटलं, मोठे वकील लावले."

बबन गाडीत चढता चढता थांबला. "भाऊ," तो म्हणाला, "हात जोडतो. आता माह्यासाठी काई करू नोको."

मी काही केलं नाही आणि बबन सुटला. गेडाम वकिलांनीच सोडवला. तेव्हापासून घरात काही महत्त्वाचं ठरवायचं असलं, की आई आधी माझ्या हातात दळणाचा डबा देऊन मला चक्कीवर पाठवते. आमच्या घरी हल्ली पीठ संपतच नाही.